अ‍ॅट्रॉसिटी अमेरिकेत चालत नाही, मग काय चालतं?

जय भीम.

"ताई, मला अहो-जाहो करू नका" असं तूच लिहिलंयस, म्हणून सरळ तू म्हणते. कॅलिफोर्नियात एमएसला येतोयस, पुढे जमलं तर सिएटलकडे नोकरी. तुला विचारायचंय की तिकडे अ‍ॅट्रॉसिटी लागू होते का, होत नसेल तर तिथला कायदा काय, आणि आडनाव बदलून यावं का. शिवाय जाता जाता एक ओळ घुसडलीयस, रूमवर बाबासाहेबांचा फोटो लावला तर चालेल ना. त्याही ओळीचं उत्तर देते, कारण माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

मी १४ वर्षं अमेरिकेत आहे, बहुतेक सगळी सिएटलशेजारच्या बेलव्ह्यूमध्ये. वकील नाही, सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. सांगतेय ते थोडं स्वतःच्या चुकीतून आणि थोडं त्या चुकीनंतर रात्री जागून वाचलेल्या कागदांतून.

अ‍ॅट्रॉसिटीचं उत्तर एका शब्दात: नाही. अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार रोखणारा १९८९ चा तो कायदा पहिल्याच कलमात स्वतःची हद्द सांगतो, भारत. संविधानाचं अस्पृश्यता संपवणारं १७ वं कलम, १९५५ चा अस्पृश्यतेचा कायदा (१९७६ पासून ज्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात), सगळं विमानतळावरच थांबतं. कॅलिफोर्नियातल्या सनीवेलच्या ऑफिसात तुला कुणी जातीवरून बोललं तर त्याचा गुन्हा अकोल्यात नोंदवता येणार नाही. सुट्टीत घरी गेल्यावर कुणी बोललं तर तिथे मात्र कायदा पूर्वीइतकाच तुझा. परदेशात राहतोस म्हणून तो हक्क जात नाही.

पण नुसतं "लागू नाही" म्हणून भागत नाही. आपण ज्या कायद्याच्या सावलीत वाढलो तो फौजदारी आहे. एफआयआर होतो, तपास डीवायएसपीकडे जातो, अटकपूर्व जामीन नाही, विशेष न्यायालय असतं. मार्च २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने अटकेआधी परवानगी आणि चौकशीची अट घातली तेव्हा २ एप्रिलला लोक रस्त्यावर उतरले, आणि ऑगस्टमध्ये संसदेने १८-अ कलम घालून ती अट काढली. त्यामुळे जातीचा कायदा म्हटलं की आपल्या डोक्यात पोलीस ठाणंच येतं. इथे ते डोक्यातून काढून टाक. इथे जातीवरून केलेला अपमान हा गुन्हाच नाही. धमकी किंवा मारहाण नसेल तर पोलीस येणार नाहीत, आले तरी खांदे उडवून जातील. इथला कायदा दिवाणी आहे, आणि तो "तो काय म्हणाला" यापेक्षा "त्यामुळे तुझं काय गेलं" हे विचारतो. नोकरी गेली का, बढती अडली का, घर नाकारलं का, प्रवेश नाकारला का. नुसते शेरे असतील तर ते इतके सतत आणि इतके वाईट हवेत की काम करणंच अशक्य व्हावं. एका टोमण्यावर केस उभी राहत नाही.

आता त्या कायद्यात 'जात' हा शब्द आहे का? १९६४ च्या सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टच्या टायटल सेव्हनमध्ये नोकरीसंबंधी पाच गोष्टी आहेत: वंश, रंग, धर्म, लिंग, राष्ट्रीय मूळ. जात नाही. आणि भेदभाव करणारा आणि सोसणारा दोघंही भारतीय असले की समोरच्या गोऱ्या माणसाला प्रश्नच कळत नाही. "पण तुम्ही दोघं एकाच देशाचे ना?" हे वाक्य मी तीन वेळा ऐकलंय.

कॅलिफोर्नियात हा शब्द घालायचा प्रयत्न झाला. सिनेटर आयशा वहाब यांनी २०२३ मध्ये एसबी ४०३ हे विधेयक आणलं, दोन्ही सभागृहांत ते मंजूर झालं आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी त्यावर व्हेटो मारला. आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवशी पेढ्यांचे फोटो पडले. विरोधकांचं म्हणणं होतं की जातीचा वेगळा उल्लेख केला की प्रत्येक हिंदू, प्रत्येक भारतीय संशयित ठरेल. एचआरने उद्या भारतीयांना बोलावून जात विचारायला सुरुवात केली तर मलाही ते नकोच आहे. पण तसं काही त्या विधेयकात नव्हतं. पेढेवाल्यांनी व्हेटोचं पत्र वाचलं नसावं. न्यूसम यांनी कारण काय दिलं, तर जातीवरचा भेदभाव इथल्या सध्याच्या कायद्यात आधीच निषिद्ध आहे, म्हणून नवा कायदा अनावश्यक. हे वाक्य तुझ्या कामाचं आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात 'अ‍ॅन्सेस्ट्री' म्हणजे पूर्वजांची परंपरा हा शब्द वेगळा आहे, आणि जात म्हणजे दुसरं काय असतं? कधी तक्रार करायची वेळ आलीच तर फक्त 'कास्ट' लिहून थांबू नकोस. अ‍ॅन्सेस्ट्री, राष्ट्रीय मूळ, धर्म, यांतलं जे लागू पडतं त्या प्रत्येकावर खूण कर आणि खाली साध्या शब्दांत लिही की मी जन्माने ज्या समाजातला आहे त्यावरून मला वेगळं वागवलं गेलं.

याच राज्याच्या यंत्रणेने २०२० च्या जूनमध्ये सिस्को या टेक कंपनीवर जातभेदाचा दावा लावला होता, तू वाचलं असशील. कंपनीने आरोप नाकारले. एप्रिल २०२३ मध्ये दोन अभियंत्यांवरचा वैयक्तिक दावा मागे घेतला गेला, कंपनीवरचा चालू ठेवला गेला. तीन वर्षांत मामला कुठवर सरकला ते बघ, म्हणजे वेगाचा अंदाज येईल.

सिएटलची गोष्ट वेगळी. २१ फेब्रुवारी २०२३ ला तिथल्या नगरपरिषदेने सहा विरुद्ध एक मतांनी भेदभावविरोधी नियमांत जात घातली, नोकरी, घर, सार्वजनिक सेवा या सगळ्यांसाठी. अमेरिकेतलं असं पहिलं शहर. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. त्याच सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोनेही तेच केलं. ऐकून छाती फुगते, पण नकाशा उघड. हा कायदा शहराच्या हद्दीपुरता आहे. सिएटल आणि बेलव्ह्यूच्या मध्ये लेक वॉशिंग्टन आहे आणि त्यावरून ५२० नंबरच्या हायवेचा टोलवाला पूल जातो. पुलाच्या त्या टोकाला तुझी जात कायद्यात आहे, या टोकाला उतरलास की नाही. मायक्रोसॉफ्टचं मुख्यालय रेडमंडला, म्हणजे या टोकाला. अ‍ॅमेझॉनचं सिएटलमध्ये. ऑफर लेटर आलं की पगाराबरोबर ऑफिसचा पत्ताही बघ.

आता माझी चूक. २०१६ साल, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर होते. टीमचा लीड मराठी, गप्पिष्ट माणूस. एकदा जेवताना म्हणाला, "जाधव म्हणजे ९६ कुळी का?" मी म्हटलं, "नाही, आम्ही बौद्ध." "अच्छा, अच्छा," म्हणाला आणि डब्याचं झाकण लावलं. भांडण नाही, शिवी नाही. पुढच्या काही महिन्यांत रिलीजच्या कॉलची आमंत्रणं मला यायची थांबली. टीमच्या चॅटवर 'कोट्यातली गाडी हळूच चालते' असा विनोद आला, त्यावर चार हसरे चेहरे. वार्षिक रिव्ह्यूत 'संवाद कमी पडतो' आलं, आणि मी जिला काम शिकवलं होतं ती माझ्या वर गेली.

मी एचआरकडे गेले आणि सगळं तोंडी सांगितलं. बाई भली होती, टिश्यू पेपर पुढे केला. नोंद काय झाली, तर 'सांस्कृतिक गैरसमज'. मी गप्प बसले, कारण नोकरी गेली तर एच-वन-बीवाल्याला नवी शोधायला किंवा देश सोडायला ६० दिवस मिळतात, आणि मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. पुढचा रिव्ह्यू बघू म्हणत वर्ष घालवलं. मग वकील गाठला. त्याने तारखा विचारल्या आणि पेन खाली ठेवलं. फेडरल, म्हणजे केंद्रीय कायद्याखालच्या तक्रारीची ३०० दिवसांची मुदत उलटली होती. राज्याच्या कोर्टात जायचं तर पुरावा काय? चॅट कंपनीच्या यंत्रणेतून आपोआप पुसली गेली होती. माझ्याकडे एक ओळही नव्हती.

म्हणून कागदाबद्दल जरा जास्तच बोलते, सहन कर. घडलं त्याच दिवशी लिही: तारीख, कोण, कुठे, नेमके शब्द, समोर कोण होतं. मराठीत बोललं गेलं असेल तर मराठीतच लिही, खाली इंग्रजी अर्थ. ती वही घरी ठेव. एचआरशी बोललास की त्याच संध्याकाळी ईमेल पाठव, "आज आपलं अमुक बोलणं झालं" एवढंच. त्यात भेदभाव हा शब्द स्पष्ट हवा. 'वागणूक बरी नाही' असं गुळमुळीत लिहिलंस तर कायद्याच्या लेखी तू तक्रारच केलेली नसतेस, आणि मग सूड उगवण्याविरुद्धचं संरक्षणही सैल पडतं. कंपनीचे गोपनीय कागद मात्र स्वतःच्या मेलवर पाठवू नकोस, त्यावरूनच काढून टाकतील.

आणि मोबाइलवर गुपचूप रेकॉर्डिंग करू नकोस! आपल्याकडे क्लिप घेऊन ठाण्यात जायची सवय आहे. कॅलिफोर्नियात आणि वॉशिंग्टन राज्यात खासगी संभाषण सगळ्यांच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणं बेकायदा आहे. पुरावा करायला जाशील आणि आरोपी होशील.

मुदती: फेडरल तक्रार ईईओसीकडे (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणारी केंद्रीय यंत्रणा), साधारण १८० दिवस, राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तिथे ३००. कॅलिफोर्नियाच्या यंत्रणेकडे नोकरीच्या तक्रारीला तीन वर्षं. फेडरल कायद्याला कंपनीत किमान १५ माणसं लागतात, कॅलिफोर्नियाला पाच. व्हिसा कोणता यावर हक्क अवलंबून नाही, पण ते ६० दिवस खरे आहेत, म्हणून तक्रारीचा ईमेल पाठवण्याआधी बायोडेटा तयार ठेव.

तू आधी विद्यार्थी असणार, तेव्हा विद्यापीठाचं भेदभावविरोधी धोरण उघड आणि 'कास्ट' शब्द शोध. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये घातला, यूसी डेव्हिसने (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा डेव्हिसचा कॅम्पस) २०२१ मध्ये, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने जानेवारी २०२२ मध्ये तिच्या सगळ्या कॅम्पसना. ही स्टेट युनिव्हर्सिटी आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया या दोन वेगळ्या संस्था आहेत, आपली मुलं नेहमी गल्लत करतात. शब्द असेल तर तक्रार ऐकणाऱ्याला जात म्हणजे काय हे पहिल्यापासून शिकवावं लागत नाही.

आडनाव. मी निकाल देणार नाही. गावाच्या नावापुढे 'कर' लावून आलेले मला माहीत आहेत, त्यांची कारणं त्यांना ठाऊक. माझं मत विचारशील तर उपयोग होत नाही. माझं आडनाव कुठल्याही समाजात बसतं, तरी प्रश्न आलाच. आडनावावर भागलं नाही की गाव येतं, गावावर भागलं नाही की "घरी गणपती बसतो का?" बदलायचंच असेल तर गॅझेट, पासपोर्ट, मार्कशीट, आय-ट्वेंटी (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म) सगळं एकसारखं करूनच नीघ, नाहीतर व्हिसाच्या खिडकीवर अडकशील.

रूमची बाब निराळी. 'फक्त शाकाहारी, आमच्यातलाच हवा' अशा जाहिराती दिसतील. एकाच घरात राहायला सोबती कोण निवडायचा यात इथला घरांचा कायदा सहसा शिरत नाही, तिथे भांडू नकोस. घरमालक नाकारत असेल तर मात्र वेगळं. आणि फोटो लाव. पहिल्याच दिवशी लाव, चार महिन्यांनी नाही. उशिरा लावलास तर तुझं वागणं बदललं म्हणतील, पहिल्या दिवशी लावलास तर ज्याला जायचं तो आधीच जाईल. बाबासाहेब १९१३ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले आणि १९१६ मध्ये तिथेच जातींवर निबंध वाचला. त्यात ज्ञानकोशकार केतकरांचं म्हणणं उद्धृत केलंय की हिंदू जगात इतरत्र गेले तर जात हा जगाचा प्रश्न होईल. कुणी विचारलं हा फोटो कुणाचा, तर तेवढंच सांग.

निघण्याआधी एक काम. राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला असशील वा नसशील, जात वैधता प्रमाणपत्र हातात घेऊनच नीघ. पडताळणी समितीचे खेटे आईला एकटीला घालायला लावू नकोस. मूळ प्रत घरी, स्कॅन तुझ्याकडे.