उंची खानदानी की ताटातली?

प्रश्न : मुलगी परवा तीन वर्षांची झाली. अंगणवाडीत वजन 11.2 किलो भरलं, ते ठीक आहे म्हणाले. पण उंची 86 सेंमी, ती कमी आहे म्हणे. आमच्या घरात सगळेच बुटके. मी 158, बायको 146. मग काळजीचं काय?
– एक वडील, कळंब तालुका (यवतमाळ)

उत्तर : काळजी घ्या, घाबरू मात्र नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलीची मधली उंची 95.1 सेंमी आहे, 87.4 च्या खाली खुजेपण धरतात. हा तक्ता गोऱ्या मुलांचा, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. 2006 साली तो निघाला तेव्हा मोजलेल्या 6 देशांच्या मुलांत दिल्लीतल्या खात्यापित्या घरांतली मुलंही होती, आणि त्यांची उंची इतर देशांच्या मुलांइतकीच वाढत होती.

रक्ताचा वाटा असतोच. मुलगी मोठेपणी किती उंच होईल याचा ढोबळ हिशेब असा : आईबापांच्या उंचीची बेरीज, वजा 13, भागिले 2. तुमच्याकडे 145.5 येतात. पण यात एक गोम आहे. तुम्ही दोघं जेवढे वाढू शकत होता तेवढे वाढलात, हे या हिशेबानं धरूनच ठेवलंय. लहानपणी ताटात दूध-अंडं नसेल, वरचेवर हगवण लागत असेल, तर तुमचीही उंची अडली असणार. अशी गरिबीच खानदानी वाटू लागते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यातली 46 टक्के मुलं खुजी निघाली, सर्वांत सधन हिश्श्यातली 23 टक्के.

बुटक्या अंगाला 11.2 किलो पुरतात, म्हणून नुसतं वजन पाहून ही उणीव कळत नाही. तूप-साखर वाढवू नका. चरबी चढेल, हाड लांबणार नाही. रोज अंडं किंवा कपभर दूध द्या, भाकरीबरोबर तुरीचं घट्ट वरण द्या, आणि पाणी उकळून पाजा.

उंची दर 3 महिन्यांनी सकाळीच मोजा. संध्याकाळी ती थोडी कमी भरते. सारवलेली कुडाची भिंत सरळ नसते, दाराची चौकट घ्या. वेणी-क्लिप काढा, टाचा टेकवा, डोक्यावर सुताराचा गुण्या ठेवा. दर वेळी दीड-दोन सेंमी वाढ दिसावी. वर्षात 5 सेंमीही झाली नाही तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा.

प्रश्न : सुनेची उंची 150 सेंमी, वजन 39 किलो. कामाला काटक आहे. चालेल ना?
– एक सासूबाई, धारणी तालुका

उत्तर : नाही चालणार. वजनाच्या 39 ला मीटरमधल्या उंचीनं दोनदा, म्हणजे 1.5 गुणिले 1.5 नं भागा, 17.3 येतात. 18.5 च्या खाली बाई कृश. तिला निदान 41.6 किलो हवेत, तेही दिवस जाण्याआधी. नाहीतर बाळ अडीच किलोच्या आत भरायची भीती जास्त. सगळ्यांचं आटोपल्यावर ती जेवत असेल, तर आधी ते बदला. गरोदरपणात तुमच्यासारख्या आदिवासी भागातल्या अंगणवाडीत अमृत आहार या सरकारी योजनेचं एक वेळचं जेवण मिळतं. ते तिला तिथंच बसून खाऊ द्या. डब्यात घरी आलं की त्याचे चार वाटे होतात.