प्रश्न तुमचे : मुखडा झाला, अंतरा राहिला

प्रश्न : मी बँकेत नोकरी करतो आणि रात्री जेवणानंतर लॅपटॉपवर भावगीतांना चाली लावतो. मुखडा (गाण्याची पुन्हा पुन्हा येणारी सुरुवातीची ओळ) पटकन सुचतो, त्यावर तबला, गिटार आणि स्ट्रिंग्ज (व्हायोलिनसारख्या तंतुवाद्यांचे सूर) चढवण्यात बऱ्याच रात्री जातात, मग गोडी संपते आणि मी नवी फाइल उघडतो. अशी दोन डझन गाणी अर्धवट पडून आहेत, पूर्ण एकही नाही. माझे मन एकाग्र होत नाही, की मुळात माझ्यात चिकाटीच नाही?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दिवसभर बँकेत काम करून रात्री-रात्री स्ट्रिंग्जच्या मागे लागणाऱ्या माणसात चिकाटी नाही, असे मी म्हणणार नाही. माझ्या मते चूक कामाच्या क्रमात आहे. चाल पुरी होण्याआधीच तुम्ही अरेंजिंगला, म्हणजे वाद्यांची रचना करायला, हात घालता. आठ बारचा (तालाच्या आठ छोट्या भागांचा) मुखडा लूपवर टाकून तासन्‌तास ऐकला, की कान त्याला इतका सरावतो की त्यानंतर येणारी कोणतीही ओळ परकी वाटू लागते. अंतरा (मुखड्यानंतरचे कडवे) सुचत नाही असे तुम्हाला वाटते, तेव्हा बहुधा तो सुचलेला असतो. मात्र सगळा साज चढवून वाजणाऱ्या मुखड्यापुढे नुसता गुणगुणलेला अंतरा फिका पडतो आणि तुम्ही तो टाकून देता.

म्हणून लॅपटॉप उघडण्यापूर्वी पेटी आणि तानपुरा (ॲपवरचाही चालेल) एवढ्यावरच, ध्रुवपदापासून शेवटच्या अंतऱ्यापर्यंत सगळी चाल गाऊन मोबाइलवर सलग रेकॉर्ड करावी. यात सर्वांत जास्त वेळ क्रॉस लाइनला, म्हणजे अंतऱ्यातून मुखड्याकडे परत आणणाऱ्या ओळीला द्यावा, कारण बहुतेक गाणी तिथेच अडकतात. अंतरा तार षड्जापर्यंत (वरच्या सा पर्यंत) नेणे फारसे कठीण नसते. तिथून खाली येऊन मुखडा बिनचूक पकडणे कठीण असते. समजा, चाल केहरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या तालात, आहे आणि मुखड्याचा उठाव (सुरुवात) सातव्या मात्रेपासून आहे. मग क्रॉस लाइन पाचव्या मात्रेपर्यंत संपायला हवी, नाहीतर गायकाला श्वास घ्यायला जागाच उरत नाही. शब्द तेवढ्यात बसत नसतील, तर एक आवर्तन वाढवावे किंवा कवीला सरळ फोन करावा. हा निर्णय लांबणीवर पडला, की त्याची जागा नवे साउंड शोधण्याचे काम घेते आणि आपण कामच करत आहोत असे वाटत राहते.

पट्टीचेही, म्हणजे गाणे कोणत्या सुरापासून गायचे याचेही, तसेच. कोण गाणार हे ठरल्याशिवाय खरे वाद्य रेकॉर्ड करू नये. कीबोर्डवर वाजवलेले सूर एका क्लिकमध्ये काळी एक या पट्टीवरून काळी चारवर नेता येतात, पण बासरीवाल्याला दुसऱ्या पट्टीची बासरी घेऊन पुन्हा बोलवावे लागते, आणि घरगुती खर्चात होणारे गाणे त्या एका गोष्टीसाठी महिनोन्‌महिने थांबते.

एकाग्रतेबद्दल थोडक्यात सांगतो. तारीख दुसऱ्या कोणाच्या हातात असली की मन आपोआप जागेवर येते. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर गीतरामायण आठवड्याला एक गीत या क्रमाने प्रसारित झाले. ग. दि. माडगूळकरांनी गीत लिहायचे, सुधीर फडक्यांनी चाल लावायची, वादकांसह बसवायचे, आणि लगेच पुढच्या गीताची वेळ यायची. अशी ५६ गीते झाली. प्रतिभेची बरोबरी आपण करू नये, पण ठरलेल्या वेळेचा धाक उसना घेता येतो. गायिकेची आणि स्टुडिओची तारीख आधी घ्या, शक्य असल्यास थोडी आगाऊ रक्कमही भरा. रोज रात्री उठण्यापूर्वी पुढचे काम फाइलच्या नावातच लिहून ठेवावे, उदाहरणार्थ ‘दुसरा अंतरा, क्रॉस लाइन’. म्हणजे दुसऱ्या रात्री मुखडा पुन्हा ऐकत बसण्याचा मोह टळतो.

राहता राहिली ती दोन डझन गाणी. ती सगळी पूर्ण करण्याचा संकल्प कृपा करून सोडू नका, म्हणजे करूच नका! ज्यांची कविता पूर्ण हातात आहे अशी दोन-तीन निवडा आणि त्यांतले सर्वांत लहान आधी घ्या. उरलेल्या मुखड्यांच्या फाइलींना ताल, पट्टी आणि टेम्पो यांची नावे देऊन एका फोल्डरमध्ये ठेवा. एखाद्या मालिकेच्या शीर्षकगीताला किंवा नाटकाच्या नांदीनंतरच्या तुकड्याला आठ बारच लागतात, तेव्हा त्यांचा उपयोग होतो.