वाहन-शंकासमाधान : डिटेलिंग घरी करावे की व्यावसायिकाकडून?

प्रश्न : माझ्याकडे चार वर्षे जुनी काळ्या रंगाची सेदान आहे. उन्हात उभी केली की बॉनेटवर बारीक, गोलाकार ओरखड्यांचे जाळे दिसते. एका डिटेलिंग (गाडीची सखोल स्वच्छता आणि झळाळीचे काम) स्टुडिओने पॉलिश आणि सिरॅमिक कोटिंग मिळून 28,000 रुपये सांगितले आहेत. मुलाचे म्हणणे असे की, मशीनसह सगळे सामान याच्या चौथाई पैशांत ऑनलाइन मिळते आणि काम रविवारी घरीच होईल. काय करावे?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : स्टुडिओने सांगितलेल्या रकमेत दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांचा निर्णयही वेगवेगळा घ्यायला हवा. पहिले काम ओरखडे काढण्याचे. आजच्या गाड्यांमध्ये रंगाच्या थरावर क्लिअर कोट हा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारणपणे 35 ते 50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी असते. तुम्हाला दिसणारे जाळे याच थरावर आहे. पॉलिशने ओरखडा भरून निघतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्याच्या भोवतालचा थर घासून सपाट केला जातो आणि त्यात काही मायक्रॉन कायमचे जातात. उन्हातील अतिनील किरणांपासून रंगाचे रक्षण हाच थर करत असल्यामुळे तो फार पातळ झाला की काही वर्षांत पांढुरका पडून सोलवटू लागतो, आणि मग तो भाग पुन्हा रंगवून घेण्यावाचून उपाय राहत नाही.

म्हणून हे काम व्यावसायिकाकडूनच करून घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. बॉनेटच्या कडा आणि बॉडीच्या उंचवट्यांच्या रेषा या ठिकाणी थर सर्वांत लवकर झिजतो, आणि नवशिक्याच्या हातून मशीन नेमकी तिथेच जास्त वेळ फिरते. तुमच्या मुलाने डीए प्रकारची, म्हणजे फिरता फिरता डोलणारी मशीन आणली, तर धोका बराच कमी होईल. परंतु सरळ गोल फिरणारी रोटरी मशीन आणली, तर क्षणभराच्या दुर्लक्षानेही रंग जळू शकतो. शिवाय काळ्या रंगावर हाताची प्रत्येक चूक दिसते.

स्टुडिओ निवडताना झळाळीची छायाचित्रे पाहण्यापेक्षा दोन गोष्टी विचाराव्यात. काम सुरू करण्यापूर्वी रंगाची जाडी मोजणारे गेज लावणार का, हा पहिला प्रश्न. ते सर्व थरांची एकत्रित जाडी दाखवते. मूळ रंग बहुधा 100 ते 150 मायक्रॉनच्या आसपास भरतो, एखाद्या दारावर आकडा बराच मोठा आला तर तो भाग पूर्वी पुन्हा रंगवलेला असण्याची शक्यता असते, आणि अनपेक्षितपणे लहान आला तर तिथे पॉलिश न करणेच शहाणपणाचे. दुसरा प्रश्न असा की, आधी हातभर जागेवर सौम्य पॉलिशने चाचणी करून दाखवणार का. सौम्य पॉलिशने ऐंशी टक्के जाळे जात असेल, तर उरलेल्या वीस टक्क्यांसाठी कडक कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारे पॉलिश, वापरू देऊ नये. नखाला लागणारा खोल ओरखडा तर तसाच राहू द्यावा.

आता सिरॅमिक कोटिंग, म्हणजे क्लिअर कोटवर लावायचा पातळ संरक्षक थर. विक्रेते त्याचा ‘9एच’ कडकपणा मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात, परंतु ते मोजमाप पेन्सिलीच्या कडकपणाच्या चाचणीतील असते. खनिजांच्या मोह्स मापनाशी त्याचा संबंध नाही, आणि धुळीतील वाळूचे कण त्यावरही ओरखडे पाडतात. कोटिंगमुळे पाणी घरंगळते, चिखल कमी चिकटतो, गाडी धुणे सोपे होते. फायदा आहे, पण तो एवढाच. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या चार वर्षे जुन्या गाडीसाठी आम्ही फक्त पॉलिशचे पैसे देऊ आणि त्यावर दर तीन-चार महिन्यांनी घरीच स्प्रे सीलंट, म्हणजे फवारून पुसायचे संरक्षक द्रव, लावू. मुलाच्या हौसेलाही त्यात वाव आहे. बाटलीतले खरे सिरॅमिक मात्र घरी लावू नये, कारण ते वेळेत एकसारखे पुसले गेले नाही तर त्याचे ठिपके वाळून घट्ट होतात आणि काढण्यासाठी पुन्हा पॉलिशच करावे लागते.

हे सगळे करण्यापूर्वी ओरखडे पडले कसे, ते पाहा. सोसायटीत पहाटे गाड्या पुसणारे एकच बादली आणि एकच फडके घेऊन ओळीने सगळ्या गाड्या उरकतात. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. पाणी न मारता फडके फिरवले की तेच कण गोलाकार घासले जातात. हा क्रम चालूच राहिला, तर 28,000 रुपयांची झळाळी वर्षभरही टिकणार नाही. पुसणाऱ्याचे पैसे कापू नका; त्याला फक्त काचा पुसायला सांगा आणि बॉडीला हात लावू देऊ नका. आठवड्यातून एकदा स्वतः धुवा : आधी भरपूर पाणी मारून धूळ सोडवावी, एका बादलीत कार शाम्पू आणि दुसरीत हात-मोजा खळबळून घेण्यासाठी साधे पाणी ठेवावे, टपापासून खाली यावे, चाके वेगळ्या कापडाने धुवावीत आणि जाड मायक्रोफायबरने टिपून घ्यावे. भांड्यांचा साबण वापरू नये, तो वॅक्स आणि सीलंट उतरवतो.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. गाडीवर पांढरे ठिपके पडतात आणि ते धुऊनही जात नाहीत. यासाठी स्टुडिओत जावे लागेल का?
(एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : बहुधा नाही. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार पाणी वाळल्यावर मागे राहतात. सावलीत, बॉनेट गार असताना, पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून मऊ कापडाने लावावे, मिनिटभराने भरपूर पाण्याने धुवावे आणि लगेच कोरडे करावे. त्यानंतरही बोटाला खळगा जाणवत असेल, तर क्षाराने थर खाल्ला आहे असे समजावे आणि तेवढ्यापुरते पॉलिश करून घ्यावे. संडास साफ करण्याचे ॲसिड कोणी कितीही सुचवले तरी लावू नये. त्याने ठिपके जातील, पण क्रोम आणि अलॉय चाकेही खराब होतील.

प्रश्न : घर समुद्रालगत आहे. नियमित वॅक्स केले तर गंजापासून बचाव होईल का?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : वॅक्सने बॉडी चकचकीत राहील, परंतु खारी हवा गंजाची सुरुवात बहुतेक वेळा गाडीच्या पोटाशी, जोडांच्या फटींत आणि दारांच्या खालच्या कडांत करते. तिथे वॅक्स पोहोचत नाही. दारांच्या खालच्या बाजूस पाणी निघून जाण्यासाठी भोके असतात. ती पावसाळ्यापूर्वी काडीने मोकळी करणे आणि दर पंधरवड्याने पोटाशी गोड्या पाण्याचा फवारा मारणे ही कामे घरची. अँटी-रस्ट कोटिंगसाठी मात्र रॅम्प लागतो, म्हणून ते गॅरेजमध्येच करावे. तिथे समोर उभे राहून पाहावे की, चिखल आणि जुना गंज खरवडून पोट पूर्ण वाळवल्यानंतरच थर मारला जातो; ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर मारलेला थर ओल आतच कोंडून ठेवतो.

प्रश्न : सीट शाम्पूने धुऊन घ्याव्यात का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : डाग नसतील तर व्हॅक्यूम आणि ओलसर मायक्रोफायबर पुरे. धुवायच्याच असतील तर पावसाळा सोडून, कडक उन्हाच्या दिवशी धुवाव्यात, कारण आतला फोम ओला राहिला की बुरशीचा वास येतो आणि तो सहज जात नाही. सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरच्या तारा सहसा एअरबॅग आणि बेल्टच्या यंत्रणेच्या असतात. काम कोणीही केले, तरी त्यांवर पाणी पडू देऊ नये आणि ते ओढून काढू नयेत.