सुखाला का भितेस?

प्रिय मैत्रिणी,

तू लिहितेस, की वर्षभर रात्री साडेअकराला निजून पहाटे साडेचारला ध्यानाला बसतेस, धम्मावरची पुस्तकं वाचतेस. तरीही परवा दहा वर्षांच्या लेकाने वही हरवली म्हणून त्याच्यावर हात उगारलास आणि दिवसभर स्वतःला कोसत राहिलीस. त्याआधी तो चित्रकलेचं बक्षीस घेऊन आला, तेव्हा मन भरून आलं; पण ‘ही तर आसक्ती’ म्हणून चेहरा कोरा ठेवलास. ‘मावशी, माझं चुकतंय कुठे?’

मला त्या उगारलेल्या हातापेक्षा कोऱ्या चेहऱ्याची जास्त काळजी वाटली. पोर बक्षीस दाखवतंय आणि आई गप्प. त्याला तुझा तो मनाचा समतोल कसा कळणार गं? चित्र आईला आवडलंच नाही, एवढंच त्याला वाटणार.

बुद्धांनी दुःखाचं मूळ तृष्णेत सांगितलं, आनंदात नव्हे. मैत्री, करुणा, उपेक्षा यांच्या जोडीला त्यांनी मुदिताही वाढवायला सांगितली, म्हणजे दुसऱ्याच्या सुखाने सुखावणं. तुझं मन भरून आलं ते हेच. ‘पुढच्या वर्षीही बक्षीस मिळालंच पाहिजे’ असं वाटू लागलं, की तिथे तृष्णा आली. आणि उपेक्षा हा शब्द मराठीत दुर्लक्षाच्या अर्थाने रुळला, त्यानेही फार घोटाळा होतो. पालीतली उपेक्खा म्हणजे पाठ फिरवणं नाही. सगळं नीट पाहत असताना मनाचा तोल राखणं.

मज्झिम निकाय हा बुद्धांच्या उपदेशांचा पाली संग्रह; त्यातल्या महासच्चक सुत्तातला एक प्रसंग मला फार जवळचा आहे. खडतर तप करून सिद्धार्थ गौतमांच्या देहाचा सांगाडा झाला होता, हाती काही लागलं नव्हतं. तेव्हा त्यांना लहानपणचं आठवलं: वडील कामात होते, आपण जांभळीच्या गार सावलीत बसलो होतो आणि मन आपसूक शांत, सुखी झालं होतं. त्यांनी स्वतःलाच विचारलं, ज्या सुखात वासना नाही, काही वाईट नाही, त्याला मी का भितो? मग त्यांनी अन्न घेतलं. सोबतचे पाच तपस्वी ‘हा ढळला’ म्हणत निघून गेले. पण बोधीची वाट त्यांना त्या आठवणीतच दिसली होती.

तू मात्र अजून त्या सांगाड्याच्या टप्प्यावर आहेस. पाच तासांच्या झोपेवर कुणाचाही संयम सुटेल. सहाला ऊठ, वीस मिनिटं बस. पुरे.

आता रागाचं. बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलला, आरशाचा दाखला देऊन सांगितलं, की कृतीच्या आधी, करताना आणि केल्यावर तिच्याकडे नीट पाहा. कुणाला त्रास झाला असेल तर ते उघड कबूल कर, पुढे जप. कृती चांगली असेल तर आनंदात राहा. दिवसभर स्वतःला कोसणं यात कुठेच नाही. तेव्हा लेकाला जवळ घे आणि सरळ सांग, ‘मी हात उगारला, ते चुकलं.’ आणि हा हात कधी खरोखरच पडू लागला, तर ध्यानावर भिस्त न ठेवता समुपदेशकाकडे जा.

आज संध्याकाळी त्याला ते चित्र पुन्हा दाखवायला सांग. त्यात काय काय काढलंय, ते त्याच्याच तोंडून ऐक. हसू आलं तर येऊ दे.

तुझी,
मावशी