जर्मनीतलं रोजगार कार्यालय: कुठल्या दाराने आत जायचं आणि काय मागायचं

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मिस्टरांना श्टुटगार्टजवळ ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, नोकरी लागली आहे. दोन-तीन महिन्यांत मुलीला घेऊन तुम्हीही येणार. एम.कॉम. झालंय, पुण्यात सहा वर्षं अकाउंट्सचं काम केलंय आणि जर्मन ए-टूपर्यंत (ए-वन ते सी-टू या सहा पातळ्यांतली दुसरी) आलंय. तिथलं सरकारी रोजगार कार्यालय आपल्यासारख्या परदेशी बाईला विचारतं का, नोकरी लावून देतं का, कोर्सचे पैसे देतं का, हे तुम्हाला हवंय.

विचारतं, आणि त्याचे पैसे घेत नाही. नोकरी लावून मात्र देत नाही. कोर्सचे पैसे देऊ शकतं, पण त्यासाठी तुम्हाला आधी काही गोष्टी जुळवाव्या लागतील. त्या मला कुणी सांगितल्या नव्हत्या, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मीही कोल्हापूरची एम.कॉम., एका पतसंस्थेत हिशेब बघत होते, आणि तुमच्यासारखीच नवऱ्यामागून आले. आज एका कर सल्लागाराकडे बुककीपिंग करते. मधली वाट बरीच लांबची झाली.

आधी दारांचा घोळ सोडवू. मुख्य संस्था बुंडेसआगेंटूर फ्यूर आर्बाइट, तिचं मुख्यालय न्यूर्नबर्गला आणि शाखा देशभर. शहरातल्या शाखेला आर्बाइट्सआगेंटूर म्हणतात, जुनी माणसं अजून आर्बाइट्सआम्टच म्हणतात. दुसरं दार जॉबसेंटरचं. नाव इंग्रजी आणि सोपं, म्हणून आपली माणसं सरळ तिथे जातात. पण जॉबसेंटर हे ज्यांच्या घरात जगण्यापुरतं उत्पन्न नाही त्यांच्यासाठी आहे. तिथली मदत करातून येते, २०२३ मध्ये तिला बुर्गरगेल्ड हे नाव दिलं गेलं. तुमच्या मिस्टरांचा ब्लू कार्डाचा पगार असताना तुमचा तिथे संबंध येणार नाही, आणि पुढे कधी अडचण आलीच तरी तिथे अर्ज करण्याआधी वकिलाचा किंवा स्थलांतरितांच्या सल्ला केंद्राचा सल्ला घ्या. आपल्या राहण्याच्या परवान्याची अट घर स्वतःच्या कमाईवर चालवण्याची असते, आणि ही मदत घेतल्याचा परिणाम नूतनीकरणावर होऊ शकतो.

आर्बाइट्सआगेंटूरचं तसं नाही. तिथला बेकारी भत्ता हा विमा आहे. १९२७ साली तिथे बेकारी विम्याचा कायदा झाला, आजची पद्धत त्याच पायावर उभी आहे. पगाराच्या २.६ टक्के हप्ता जातो, अर्धा तुमचा, अर्धा मालकाचा. नोकरी गेल्यावर तो भत्ता घेणं म्हणजे गाडीला धडक बसल्यावर विम्याचा दावा करणं. माझ्या ओळखीचा एक इंजिनिअर नोकरी गेल्यावर चार महिने बचतीवर राहिला, कारण त्याला वाटलं की भत्ता घेतला तर व्हिसा रद्द होईल. त्याने पाच वर्षं हप्ता भरला होता. हे ऐकून मला अजून वाईट वाटतं, म्हणून मिस्टरांनाही हे सांगून ठेवा. नोकरी सुटल्याचं परदेशी नागरिक कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवायचं असतं, तेवढं मात्र त्यांनी विसरू नये.

आता तुमचं. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला कुठलंही काम करण्याची मुभा पहिल्या दिवसापासून असते, परवान्यावर तसं लिहिलेलं असतं. त्या जोरावर तुम्ही आल्या आल्या आर्बाइट्सआगेंटूरमध्ये ‘आर्बाइटझूखेंड’, म्हणजे काम शोधणारी व्यक्ती, म्हणून नाव नोंदवू शकता. एक रुपयाचा हप्ता भरलेला नसला तरी. आपल्याकडे नाव नोंदवलं की कार्ड सांभाळायचं आणि कॉलची वाट बघायची, ही सवय मनातून काढून टाका. इथे नोंदणीनंतर एक ग्राहक क्रमांक मिळतो आणि एका ठरावीक अधिकाऱ्याकडे तुमची फाइल जाते. तो तासभर बसून विचारतो: काय शिकलात, नेमकं काय काम केलंत, आठवड्याला किती तास करू शकता, किती लांब जाऊ शकता, मूल कोण सांभाळतं.

तो शेवटचा प्रश्न सहज विचारलेला नसतो. आठवड्याला किमान १५ तास कामाला मोकळ्या असाल तरच तुम्ही बेरोजगार म्हणून धरल्या जाता. मुलीला किटामध्ये, म्हणजे तिथल्या बालवाडीत, जागा नसेल तर कागदोपत्री तुम्ही मोकळ्या नाही. किटाच्या जागांची मोठी टंचाई आहे, त्यामुळे घराचा पत्ता हातात आला की त्याच आठवड्यात किटाचा अर्ज टाका. रोजगार कार्यालयाची खरी तयारी तिथून सुरू होते.

माझ्या पहिल्या भेटीत मी सांगितलं, ‘अकाउंटंट आहे, टॅली येतं.’ टॅली हा शब्द समोरच्या अधिकारी बाईंनी कधी ऐकलेला नव्हता. जर्मनीत कर सल्लागारांच्या दुनियेत डाटेफ नावाचं सॉफ्टवेअर चालतं, मोठ्या कंपन्यांत एसएपी. खात्यांना नावापेक्षा नंबर महत्त्वाचा: एका खातेयादीत बँक १२००, दुसरीत १८००, आणि कारकुनाला ते झोपेतही सांगता येतात. जीएसटीच्या जागी १९ आणि ७ टक्क्यांचा विक्रीकर. डेबिट-क्रेडिट तेच, सगळी भाषा मात्र वेगळी. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, आधी भाषा करा, मग परत या. मला तो नकार वाटला आणि मी दीड वर्ष फिरकले नाही. तो नकार नव्हता, कामांचा क्रम होता. जर्मन माणूस ‘परत या’ म्हणतो तेव्हा खरंच परत यायचं असतं.

भाषेसाठी इंटेग्रात्सिऑन्सकुर्स असतो: ६०० तास भाषा, १०० तास तिथले कायदे, इतिहास, समाज, आणि शेवटी बी-वनची परीक्षा. तुमच्या प्रकारच्या परवान्यावर त्याचा हक्क मिळतो, फीचा काही भाग आपण भरायचा. त्यापुढचा बी-टूचा बेरूफ्सश्प्राखकुर्स, म्हणजे कामाच्या भाषेचा वर्ग, त्याचं अधिकारपत्र आर्बाइट्सआगेंटूरही देते. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात बी-वन करून निघालात तर इथलं जवळजवळ वर्ष वाचेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मिनीजॉब. आल्यावर पहिलं काम बहुधा तेच समोर येईल: बेकरीत, दुकानात, साफसफाईचं, ठरावीक मर्यादेपर्यंत पगार आणि तो जवळजवळ पूर्ण हातात. मोह होतो, मलाही झाला. पण मिनीजॉबमधून बेकारी विम्याचा हप्ता जात नाही. भत्त्याच्या हक्कासाठी मागच्या ३० महिन्यांत १२ महिने विम्याची नोकरी लागते, आणि मिनीजॉबची चार वर्षं तिथे शून्य मोजली जातात. माझ्या शेजारणीच्या सांगण्यावरून मी बेकरीतला मिनीजॉब सोडून एका कॅन्टीनच्या स्वयंपाकघरात आठवड्याला २५ तासांची, दोन वर्षांच्या कराराची नोकरी धरली. भांडी, सॅलड, गल्ला. एम.कॉम. बाईने हे करावं का, असं घरून फोनवर विचारलं गेलं. पण पुढचं सगळं त्या दोन वर्षांवर उभं राहिलं.

करार संपण्याच्या तीन महिने आधी मी ऑनलाइन नोंद केली. ही तारीख चुकवायची नाही. शेवटची तारीख आधीपासून माहीत असेल तर तीन महिने आधी, आणि अचानक नोटीस मिळाली तर कळल्यापासून तीन दिवसांत. उशीर झाला तर एका आठवड्याचा भत्ता कापला जातो. आणि रागाच्या भरात स्वतः राजीनामा दिलात तर सहसा १२ आठवडे काही मिळत नाही, म्हणून राजीनाम्याआधी तिथे जाऊन बोला. भत्ता निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७. दोन वर्षं हप्ता भरलेल्याला १२ महिने मिळतो. कॅन्टीनच्या पगाराचे ६७ टक्के म्हणजे काही मोठी रक्कम नव्हती. माझ्यासाठी खरी चीज होती बिल्डुंग्सगुटशाइन.

ही प्रशिक्षणाची हुंडी समजा. कागदावर उद्दिष्ट, कालावधी आणि परिसर लिहिलेला असतो. तो घेऊन तुम्ही मान्यताप्राप्त संस्थांपैकी हवी ती निवडता. कोर्सची फी कार्यालय थेट संस्थेला देतं, प्रवासाचा आणि मूल सांभाळण्याचा खर्चही त्यात बसू शकतो. पूर्णवेळ कोर्स चालू असताना भत्ता सुरू राहतो, आणि प्रशिक्षणाच्या दोन दिवसांमागे हक्कातला एकच दिवस खर्ची पडतो. मी सात महिन्यांचा आर्थिक लेखांकनाचा कोर्स केला, डाटेफ आणि एसएपीसकट. स्वतः भरायची असती तर ती फी आमच्या घराला परवडली नसती.

पण ही हुंडी मागितली की मिळते असं नाही. तिथे एक शब्द सारखा ऐकू येईल, ‘एरमेसन’, म्हणजे अधिकाऱ्याचा विवेक. या कोर्सने हिला नोकरी लागेल हे त्याला त्याच्या फाइलमध्ये लिहायचं असतं. ते लिहायला त्याला मदत करायची. मी आगेंटूरच्याच नोकऱ्यांच्या संकेतस्थळावरून आमच्या घरापासून ४० किलोमीटरच्या आतल्या चौदा जाहिराती छापून नेल्या आणि प्रत्येकीत ‘डाटेफ’ शब्दाखाली रेघ मारली. सोबत दोन संस्थांच्या कोर्सची माहिती. अधिकाऱ्याने त्या एकामागून एक पाहिल्या आणि म्हणाला, हे मला माझ्या वरिष्ठांना दाखवता येईल. तीन आठवड्यांनी कागद पोस्टाने आला. विनवणी, रडगाणं, घरची परिस्थिती यांचा तिथे उपयोग होत नाही, आणि त्या माणसाला त्यात दोष देऊ नका.

भत्त्याचा हक्क नसतानाही हुंडी मिळू शकते, पण वाट अवघड आहे. समुपदेशन आणि अर्जांचं मार्गदर्शन मात्र मिळतं. मुलाखतीला जाण्याचं भाडं, कागदांचं भाषांतर अशा खर्चासाठीही एक निधी असतो, तोही विवेकाधीन. आणि इथे माझी चूक सांगते. पदवी आणि गुणपत्रिकांचं शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर करून, पैसे भरून, पावती घेऊन मी ऐटीत गेले. नियम असा की खर्च होण्याआधी अर्ज हवा. पावतीवर आधीची तारीख, त्यामुळे एक सेंटही मिळाला नाही. भाषांतर, परीक्षा फी, प्रवास, कोर्स, काहीही असो: आधी लेखी विचारा, होकार हातात येऊ द्या, मगच पैसे भरा किंवा सही करा.

निघण्याआधी पुण्यात करायच्या गोष्टींत नावाची भानगड पहिली. माझ्या गुणपत्रिकांवर माहेरचं नाव आणि मधे वडिलांचं, पासपोर्टवर सासरचं नाव आणि मधे नवऱ्याचं. आपल्याला यात काही विचित्र वाटत नाही, पण इथल्या फाइलमध्ये त्या दोन वेगळ्या बाया होतात. विवाह नोंदणी दाखला, नाव बदलाचं राजपत्र असेल तर ते, नाहीतर शपथपत्र, हे सगळं एकत्र आणा. अनुभव प्रमाणपत्रावर ‘समाधानकारक काम केलं’ एवढंच लिहून आणू नका. जीएसटी विवरणपत्रं, पगारपत्रकं, ताळेबंद, ऑडिटची तयारी, रोज काय केलं ते कंपनीकडून सविस्तर लिहून घ्या. अकाउंटंटचा पेशा तिथे नियंत्रित नाही, त्यामुळे परिचारिकेसारखी मान्यता तुम्हाला लागत नाही. पण बॉनच्या झेडएबी, म्हणजे परदेशी शिक्षणाचं मूल्यांकन करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून, पदवी मूल्यांकनाचा दाखला घेतलात तर मालकाला एम.कॉम. म्हणजे काय ते कळतं.

२०२४ च्या महाराष्ट्र आणि बाडेन-वुर्टेमबर्गमधल्या मनुष्यबळ कराराबद्दलही तुम्ही विचारलंत. तो महाराष्ट्रातून कुशल कामगार जर्मनीत आणण्यासाठी आहे, तुम्ही जोडीदार म्हणून येताय, त्याची तुम्हाला गरज नाही.

एक राहिलं. भत्ता सुरू असताना गणपतीला घरी यायचं झालं तर तिकीट काढण्याआधी कार्यालयाची परवानगी हवी. वर्षात तीन आठवड्यांपर्यंत मिळते, पहिल्या तीन महिन्यांत सहसा नाही. न सांगता गेलं आणि कळलं तर ते पैसे परत मागतात.

तूर्त एक करा: ‘आनाबिन’ या जर्मन सरकारी यादीत तुमचं विद्यापीठ शोधा आणि त्यापुढे ‘एच प्लस’, म्हणजे मान्यताप्राप्त अशी खूण, आहे का ते मला कळवा. सोबत तुमच्या अनुभव प्रमाणपत्राचा मसुदा पाठवलात तर त्यात कुठली कामं कुठल्या जर्मन शब्दांनी लिहायची ते मी सुचवते.