भाच्याला मे महिन्यात गड दाखवायचाय?

ताई, अकरा वर्षांचा भाचा सुट्टीत पुण्याला येतोय आणि त्याला डोंगर दाखवायचाय, हे वाचून फार बरं वाटलं. जरूर न्या. पण पहिल्याच रविवारी राजगड नको. बहुतेक जण इथेच चुकतात. पोर एकदा फार दमलं की त्याला डोंगरच नकोसा होतो. आधी दोन-तीन सकाळी शहरातलीच पर्वती टेकडी चढा, मग तळजाईची टेकडी. पाय सरावले की सिंहगड, पायथ्याच्या आतकरवाडी गावातून जाणाऱ्या पायवाटेनं.

मे महिन्यात वेळ सांभाळणं सगळ्यात महत्त्वाचं. उजाडताच चढायला लागा आणि ऊन तापायच्या आत खाली या. दुपारनंतर वळीव येतो, विजा कडाडतात. अशा वेळी माथ्यावर किंवा एकट्या झाडाखाली अजिबात थांबायचं नाही.

सोबत एवढं हवंच:
- माणशी दोन लिटर पाणी, लिंबू-मीठ-साखर
- टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा
- वापरातले बूट, नवेकोरे चावतात

रोजचा कार्यक्रम आखू नका. गडाच्या दुसऱ्या दिवशी लोळू द्या, आंबे खाऊ द्या. रात्री आईची आठवण येते, निजण्याआधी फोन लावून द्या. वाटेवरची करवंदं मात्र त्याची त्यालाच तोडू द्या, काटे जपून.