खासदारकीची घाई झालेल्या वकिलाला

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

सनद मिळून जेमतेम चार वर्षं झाली आणि तुला दिल्लीचे वेध लागले! लागू देत. मी केस पिकल्यावर तिथे गेलो, म्हणून काही गोष्टी आत्ताच सांगून ठेवतो.

कोर्टात न्यायाधीश तुझ्या युक्तिवादाने मत बदलू शकतो आणि निकालाची कारणंही त्याला लिहावी लागतात. सभागृहात तू उभा राहण्याआधीच मतं ठरलेली असतात. 1985 साली राज्यघटनेत दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी, आल्यापासून पक्षादेशाविरुद्ध मत द्यायचं तर खासदारकीच पणाला लागते. भाषण रंगलं तर बाकं वाजतील, पण मतदानाचा आकडा हलायचा नाही.

तिथे वकिलाला कामी येते ती वाचायची सवय. विधेयक आलं की उद्देश व कारणांचं निवेदन वाचून भाषणं ठोकणारे पुष्कळ. तू शेवटची पानं काढ. नियम करण्याचा अधिकार सरकारला देणारं कलम बहुधा तिथेच असतं. अर्ज कोणाकडे करायचा, फी किती, मुदत किती, हे सगळं त्या कलमातून नियमांवर सोपवलं जातं, आणि आपल्या अशिलाचा जीव नेमका तिथेच अडकतो. पुढे ते नियम 30 दिवस सभागृहाच्या पटलावर असतात. त्यात दुरुस्ती सुचवता येते. फारसं कुणी ढुंकून पाहत नाही, हे आपल्या पथ्यावरच!

उलटतपासणीची हौस स्थायी समितीत, म्हणजे खात्यांची विधेयकं तपासणाऱ्या खासदारांच्या समितीत, भागव. 31 सदस्य, बंद दार, कॅमेरा नाही, समोर खात्याचे सचिव. तिथे पक्षादेशही नसतो. मात्र सगळीच विधेयकं समितीकडे जात नाहीत, त्याची खंत मला आहे.

खासगी विधेयकाचं, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेल्या विधेयकाचं म्हणशील, तर 1970 नंतर त्यातलं एकही कायदा झालेलं नाही. तरी मांडावं. संसदेला मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही, असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा गोलकनाथ निकाल फेब्रुवारी 1967चा. एप्रिलमध्ये राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै यांनी घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार परत मिळवणारं विधेयक आणलं. ते मंजूर झालेलं त्यांना पाहायला मिळालं नाही. जानेवारी 1971मध्ये ते गेले. त्याच वर्षी सरकारने 24वी घटनादुरुस्ती करून तेच साधलं. (घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही, असं सांगून केशवानंद भारती निकालाने 1973मध्ये त्या अधिकाराला लगाम घातला, ते बरंच झालं असं माझं मत.)

खासदार झाल्यावरही वकिली करता येते, सर्वोच्च न्यायालयाने 2018मध्ये तसं स्पष्ट केलंय. तरीही अधिवेशनाच्या काळात नव्या प्रकरणात वकीलपत्र दाखल करू नकोस. एकीकडे तारीख, दुसरीकडे मतदान, आणि दोन्हीकडे तुझी वाट पाहणारी माणसं.

सध्या ज्या कायद्याखालची प्रकरणं तुझ्याकडे जास्त येतात, त्याचे नियम मूळ कायद्याशी कलमागणिक ताडून बघ. कुठे नियम कायद्याच्या पुढे गेलेत, ते टिपून सुट्टीत घेऊन ये. मग बसू.

तुझा,
काका